सहीपूर्वी मांडायचा हिशेब

वाचकाचे पत्र, थोडक्यात: बडोद्याच्या वायव्येकडील औद्योगिक पट्ट्यालगत राहणाऱ्या एका ४६ वर्षांच्या भगिनीने हे पत्र लिहिले आहे. त्यांचे पती ५२ वर्षांचे असून गेली १९ वर्षे कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. कंत्राटदार तीनदा बदलले, पण कारखाना आणि काम तेच राहिले. पहिली आठ वर्षे प्लांटवर गेली आणि नंतरची ११ वर्षे रंगाच्या भुकटीच्या पॅकिंगमध्ये. गोणींवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह डाय’ असे छापलेले असते. पगार महिना १८,५०० रुपये आहे. चार वर्षांपासून त्यांना खोकला आणि धाप आहे. गेल्या दोन वर्षांत तीनदा खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिथली बिलेच ३ लाख ८० हजार रुपयांची झाली. ७० दिवस बिनपगारी गेले. ई.एस.आय.चे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, कार्ड आहे, पण ‘तिथे रांगा असतात आणि औषध हलके मिळते’ म्हणून ते कधी वापरले नाही. दागिने गहाण पडले आहेत. ११ वर्षांच्या मुलीलाही आता रात्री खोकल्याची उबळ येते आणि छातीत घरघर ऐकू येते. अशात कंत्राटदाराने एक लाख रुपये देऊ केले आहेत. त्याबदल्यात राजीनामा आणि ‘माझा आजार कामाशी संबंधित नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर महिनाअखेरपर्यंत सही हवी आहे. पुण्याचे दीर घर विकून तिकडे या म्हणतात. पती म्हणतात, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर उलटायचे नाही. भगिनी विचारतात, ‘एक लाख घ्यावेत का, घर विकावे का, की कोर्टात जावे? आणि आमच्या नशिबी आलेल्या दुखण्याचे पैसे दुसऱ्याकडे मागणे शोभते का?’

प्रिय ताई,

तुमचा मुख्य प्रश्न एक लाखाचा आहे, परंतु तुमचे पत्र मी पुन्हा वाचले ते त्यातल्या दोन लहान वाक्यांसाठी. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहेत आणि पुढे त्यांच्याकडे वळूनही पाहिलेले नाही. पहिले वाक्य असे की मागच्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी तुम्ही नऊ दिवस नाशिकला होतात आणि त्या नऊ दिवसांत तुमच्या यांना, म्हणजे पतींना, धापेचा पंप एकदाही घ्यावा लागला नाही. दुसरे असे की यांचे कामाचे कपडे भिजवले की बादलीतले पाणी कधी गुलाबी, कधी निळे होते. ही दोन वाक्ये तुमच्या फाइलमधल्या कोणत्याही बिलापेक्षा मोलाची आहेत, आणि माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्यांच्यावरच उभा आहे.

रिअ‍ॅक्टिव्ह डाय म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडून पक्का बसणारा रंग. जो गुण त्याला धाग्यावर घट्ट धरून ठेवतो, त्याच गुणामुळे श्वासातून आत गेलेली त्याची भुकटी शरीरातल्या प्रथिनांनाही चिकटते, आणि काही माणसांचे शरीर त्या जोडीला परके मानून तिच्याविरुद्ध लढू लागते. या रंगांमुळे कामगारांना दमा होतो, हे व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्रात मान्य झालेले आहे. असा दमा कामाला लागल्याबरोबर सुरू होतोच असे नाही. काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही तो सुरू होऊ शकतो. एकदा शरीर असे बिथरले की पूर्वी ज्या धुळीत माणूस दिवसभर उभा राहत असे, तिच्या चिमूटभर अंशानेही छाती आवळते. या दम्याची एक ओळख अशी की कामापासून काही दिवस दूर राहिल्यावर तो उतरतो आणि कामावर परतल्यावर पुन्हा चढतो. म्हणूनच नाशिकचे नऊ दिवस मला महत्त्वाचे वाटतात.

मात्र यांचा आजार रंगाच्या भुकटीमुळेच झाला, असे मी इथे बसून म्हणणार नाही आणि तुम्हीही आत्ताच तसे धरून चालू नका. नाशिकला गेल्यावर कारखान्याची भुकटी सुटली, तशी बडोद्यातल्या तुमच्या घराची हवाही सुटली. यांनी कधी विडी ओढली नाही असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा एक मोठे कारण बाजूला पडते. परंतु गॅलरीत बसणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने फुप्फुसाला वेगळ्या प्रकारची सूज येऊ शकते, ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी दमा वाढवते, जुना क्षयरोग फुप्फुसात व्रण ठेवून जातो, आणि रोजच्या धूप-उदबत्तीचा धूरही निरुपद्रवी नसतो. या शंका मी उपस्थित करते आहे, कारण आजार कामामुळे झाला का हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर उद्या त्या कोणीतरी उपस्थित करणारच आहे, आणि त्या वेळी त्यांची उत्तरे फाइलमध्ये असलेली बरी.

फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री ही तपासणी, पंप घेण्याआधी आणि घेतल्यानंतर अशी दोनदा, यांची झाली आहे का? तीन वेळा दाखल होऊनही पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर ती आधी करून घ्या. शिवाय फुंकून मोजायचे ‘पीक फ्लो मीटर’ नावाचे साधे उपकरण काही शे रुपयांत मिळते. दोन ते चार आठवडे, दिवसातून चार वेळा, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही यांनी त्यात फुंकावे आणि आकडा तारीख-वेळेसह वहीत लिहावा. कामाच्या दिवशी आकडे पडतात आणि सुटीत चढतात असे त्या वहीत दिसले, तर डॉक्टरांच्या दृष्टीने तो भक्कम पुरावा ठरतो, आणि तो मिळवायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. फक्त त्या दिवसांत धाप वाढली तर आकड्यांसाठी कामावर जात राहू नका. सुटी घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा कामाचा इतिहास स्वतःहून सांगा. रुग्णाला त्याचे काम काय, हे वैद्याने विचारलेच पाहिजे, असा आग्रह इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी धरला होता. आजही आपल्याकडच्या अनेक केसपेपरांवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढची जागा कोरी असते किंवा तिथे नुसते ‘नोकरी’ लिहिलेले असते. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कोणत्या विभागात होते, कोणता माल हाताळला, मास्क मिळत होता का आणि कोणता, हे सगळे अर्ध्या पानावर लिहून न्या आणि त्याची नोंद केसपेपरवर करा अशी विनंती करा. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था १९६६ पासून नेमके हेच विषय अभ्यासते. छातीच्या डॉक्टरांना निदानाविषयी शंका असेल तर त्यांच्या चिठ्ठीने तिथला सल्ला घेता येईल का, हे अवश्य विचारा.

आता पैशांकडे वळू. तुम्ही ३ लाख ८० हजार हा आकडा लिहिलात, पण तो केवळ रुग्णालयाच्या बिलांचा आहे. दरमहा ३,६०० रुपयांची औषधे लागतात हे तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिले आहे. दोन वर्षांचे ते ८६,४०० रुपये झाले. बिनपगारी ७० दिवसांचे, महिन्याचे २६ दिवस धरून, सुमारे ५० हजार होतात. म्हणजे सोन्यावरचे व्याज, रुग्णालयात बसून राहिल्यामुळे तुमचे बुडालेले शिवणकाम, रिक्षाभाडे आणि मुलीची बुडालेली शाळा यांतले काहीही न धरता बेरीज ५ लाख १६ हजारांवर जाते. समोर ठेवलेले एक लाख हा तिचा पाचवा हिस्साही नाही. पुढचा हिशेब तर याहून कठीण आहे. सध्याच्या औषधांना ते एक लाख सव्वादोन वर्षे पुरतील, आणि तेव्हा यांचे वय ५४ असेल, पगार नसेल आणि हाती ‘माझा आजार कामाचा नव्हता’ असे स्वतःच्या सहीने लिहून दिलेला कागद असेल.

प्रदूषणाने होणाऱ्या आजारांचा खर्च हा असा असतो. मोठा आकडा रुग्णालयाच्या बिलावर दिसतो, आणि उरलेला घरात झिरपत राहतो, न मिळालेल्या पगारात आणि न शिवलेल्या कपड्यांत. हवेच्या प्रदूषणामुळे २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि अकाली मृत्यू व आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १.३६ टक्के होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. देशाच्या पातळीवर तो टक्क्याचा आकडा असतो. तुमच्या घरी तो गहाण पडलेल्या पाटल्यांच्या रूपाने आला आहे. आणि त्यातला मोठा भाग घरेच सोसतात: सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली होती. तुमच्या शेवटच्या प्रश्नातला ‘नशीब’ हा शब्द मला म्हणूनच खटकला. तुमच्या घरी जे आले त्यात नशिबाचा वाटा किती आणि कोणाच्या तरी टाळलेल्या खर्चाचा वाटा किती, हे तपासल्यावाचून सगळे आपल्या नशिबाच्या खाती मांडणे हा स्वतःवरच अन्याय आहे.

यांच्या मिठाच्या बोलण्याविषयी मला आदर आहे. एकोणीस वर्षे एका ठिकाणी राबलेल्या माणसाला ती जागा परकी वाटत नाही, आणि तिच्याविरुद्ध बोलणे त्याला स्वतःच्याच आयुष्याविरुद्ध बोलल्यासारखे वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना पगारपत्रक काढायला सांगा आणि त्यातली ई.एस.आय.ची कपात दाखवा. दरमहा पगाराच्या ०.७५ टक्के त्यांच्या हातून गेले आहेत आणि ३.२५ टक्के मालकाच्या बाजूने भरले जाणे बंधनकारक आहे. आजारात उपचार मिळावेत आणि पगार बुडू नये, याच्यासाठीच ही रक्कम जाते. ती वसूल करणे म्हणजे कोणावर उलटणे नव्हे. बँकेत ठेवलेले आपले पैसे काढताना कोणी संकोच करत नाही.

हे कार्ड तुम्ही वापरले नाही, याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. धाप लागलेल्या माणसाला घेऊन रांगेत उभे राहणे किती जड जाते, हे मी माझ्या वडिलांच्या आजारात अनुभवले आहे. पण ‘तिथे फक्त हलकी औषधे मिळतात’ ही समजूत तुम्हाला फार महाग पडली आहे. पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या, आणि यात कंत्राटी कामगारही आले, विमाधारकाला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायको-मुलांना या योजनेत पूर्ण उपचार मिळतात, आणि एका रुग्णावर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा नाही. म्हणजे तुमच्या मुलीची तपासणीही याच कार्डावर होऊ शकते. दुखणे तिथल्या डॉक्टरांनी प्रमाणित केले असते, तर त्या ७० दिवसांसाठी पगाराच्या ७० टक्क्यांच्या दराने आजारलाभ मिळू शकला असता. हा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत असतो. हिशेबाने तीस हजारांच्या आसपास रक्कम केवळ प्रमाणपत्राअभावी राहून गेली. तातडीच्या वेळी खासगी रुग्णालयात झालेल्या खर्चाची भरपाई मागण्याचीही सोय आहे, तेव्हा शेवटच्या वेळी दाखल झाल्याची कागदपत्रे घेऊन तुमच्या शाखा कार्यालयात विचारून या. मिळेलच असे मी म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

आजार कामामुळे झाला असे ठरले तर चित्र आणखी बदलते. कामाने जडलेला आजार हा कामावरच्या दुखापतीसारखाच मानला जातो. तात्पुरत्या अक्षमतेच्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि कायमची अक्षमता आली असेल तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात नियमित रक्कम मिळते. हा निर्णय वैद्यकीय मंडळ घेते. कंत्राटदाराला तो अधिकार नाही, आणि कंत्राटदाराने टाइप केलेल्या कागदाला तर मुळीच नाही. आता त्या कागदामागची घाई तुमच्या ध्यानात आली असेल.

या कागदाबद्दल स्पष्ट बोलते. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा कामगाराचा करार निरर्थक ठरतो, हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आपल्याकडे आहे. (नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे चार श्रमसंहितांत विलीन झाले, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नेमके कलम वकिलाकडून समजून घ्या.) तरीही ‘कागद निरर्थक आहे ना, मग करू सही आणि घेऊ पैसे’ असा विचार करू नका. त्यात दोन धोके आहेत. ‘आजार कामाचा नाही’ ही ओळ हक्क सोडण्यापुरती थांबत नाही. वस्तुस्थितीबद्दल तुमच्याच पतीने दिलेली ती कबुली म्हणून पुढे वाचली जाईल. दुसरा धोका राजीनाम्यात आहे. विमाधारक किमान पाच वर्षांच्या नोकरीनंतर वयोमानाने निवृत्त झाला किंवा स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली बाहेर पडला, तर तो आणि त्याची पत्नी वर्षाला केवळ १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतात. कामाच्या दुखापतीने कायमची अक्षमता येऊन नोकरी सुटली, तरीही अशी सोय आहे. साध्या राजीनाम्याला ती नाही. वर्षाला ४३ हजारांची औषधे लागणाऱ्या माणसाकडून साधा राजीनामा लिहून घेणे म्हणजे त्याच्याकडून काय काढून घेणे आहे, याचा हिशेब तुम्हीच करा.

याचा अर्थ यांनी पॅकिंगमध्ये तसेच काम करत राहावे असा मुळीच नाही. निदान जर भुकटीच्या दम्याचे निघाले, तर त्या भुकटीपासून जितक्या लवकर दूर जातील तितके फुप्फुस वाचण्याची आशा जास्त, आणि उशीर झाला तर काम सोडूनही दमा राहू शकतो. परंतु कामापासून दूर होणे आणि नोकरी सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या पत्रात एकत्र मिसळले गेले आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर रजा घेता येते, आणि आजारलाभ चालू असताना कामगाराला काढून टाकण्यास कायद्याने मनाई आहे. भुकटी नसलेल्या विभागात बदली मागता येते; ती मात्र लेखी मागा आणि पोच घ्या. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियांच्या कारखान्यांवर कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करण्याचे, आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे आणि त्या कामगाराला पाहू देण्याचे बंधन आले. यांची अशी तपासणी कधी झाली का? झाली असेल तर तिचे कागद मागा. झालीच नसेल, तर तेही एका ओळीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

खासगी रुग्णालयात तिन्ही वेळा दाखल झाल्याचे पूर्ण कागदही मागून घ्या. अर्ज केल्यापासून ७२ तासांत नोंदी देण्याचे बंधन डॉक्टरांच्या व्यवसायविषयक नियमांत २००२ पासून आहे, आणि त्या तीन वर्षे जपण्याचेही. हे पहिल्यांदा दाखल झाले त्याला दोन वर्षे झाली, तेव्हा वेळ फार नाही.

कागदाबद्दल मी इतके का बोलते आहे, त्याला एक कारण आपल्या जवळचेच आहे. गोध्रा आणि बालासिनोरच्या गारेचे दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर कामाला येत, आणि थोड्याच काळात सिलिकोसिस हा दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार घेऊन गावी परतत. हा विषय २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. मृत्यू पावलेल्या २३८ मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये केली, आणि गुजरात सरकारने ते द्यावेत असा आदेश न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. दहा वर्षे लागली, आणि रक्कम घ्यायला ते मजूर स्वतः उरले नव्हते. ती माणसे हंगामी होती, आज इथे तर उद्या तिथे. यांच्याकडे मात्र १९ वर्षांची पगारपत्रके आहेत, विमा क्रमांक आहे, तीन वेळा दाखल झाल्याचे कागद आहेत, आणि ते स्वतः आहेत. हे बळ एका लाखाला विकू नका.

मुलीचा मार्ग वेगळा आहे, आणि हा फरक तुमच्यासारख्या अनेक वाचकांना माहीत नसतो. कामगाराच्या आजाराचा विचार कामगार कायद्यांतून होतो. कामगार नसलेल्या, केवळ त्या हवेत राहणाऱ्या माणसासाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. तिथे मागता येणाऱ्या भरपाईच्या यादीत आजाराच्या उपचारांचा खर्च स्पष्टपणे लिहिलेला आहे, आणि कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. गुजरातचे अर्ज ऐकणारे पीठ पुण्याला आहे. परंतु आपल्या मुलीच्या घरघरीसाठी उद्याच तिथे धावा, असे मी म्हणणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात बडोद्याच्या औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ८९.०९ होता; ७० च्या वर गेले की ते क्षेत्र ‘अतिगंभीर प्रदूषित’ गणले जाते. रात्री येणारा उग्र वास हा तुमच्या मनाचा खेळ नाही, एवढे हा आकडा सांगतो. अमुक कारखान्यामुळे अमुक मुलीला दमा झाला, हे तो सांगत नाही. लोकसंख्येविषयीच्या आकड्यातून एका व्यक्तीच्या आजाराचे कारण सिद्ध करणे ही लांबची वाट असते. उदयपूरजवळच्या बिछडी गावातल्या विहिरी, रंग बनवण्यासाठी लागणारी रसायने तयार करणाऱ्या कारखान्यांनी नासवल्या. त्याचा खटला १९८९ ला सुरू झाला, ‘जो प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सांगणारा निकाल १९९६ ला आला, आणि पैसे भरण्याचा वाद २०११ पर्यंत चालला. तत्त्व फार मोठे मिळाले. पण त्या मुदतीवर कोणाला आपल्या मुलीच्या औषधांचा भरवसा ठेवता येणार नाही.

म्हणून मुलीसाठी आधी घरातला मार्ग बंद करा. बादलीतले ते रंगीत पाणी सांगते की भुकटी कारखान्यातच राहत नाही, कपड्यांवर बसून तुमच्या घरात येते. यांनी कारखान्यातच कपडे बदलावेत, शक्य असल्यास अंघोळ करून यावे, कामाचे कपडे वेगळ्या बंद पिशवीत आणावेत. ते घरात झटकू नका, कोरडे हाताळू नका, थेट पाण्यात भिजवा आणि इतर कपड्यांपासून वेगळे धुवा. धुताना मुलगी जवळ नको, आणि तुम्ही स्वतःही नाक-तोंड झाका. तुमच्या छातीविषयी पत्रात एक अक्षर नाही. तुम्हाला काही त्रास होत असेल तर तोही याच वेळी दाखवा. मुलीसाठी एक वही घाला. कोणत्या रात्री खोकला आला, वारा कोणत्या दिशेचा होता, वास कसला होता, त्या दिवशी बाबांची शिफ्ट होती का, एवढेच लिहा. दोन महिन्यांनी ही वही डॉक्टरांना उपयोगी पडेल, आणि वासाच्या नोंदी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्यातल्या कार्यालयात शेजारच्या चार घरांच्या सह्यांसह देता येतील. ‘नेहमी वास येतो’ असे मोघम लिहिलेली तक्रार सहज बाजूला पडते. तारीख आणि वेळ असलेली तक्रार नोंदवहीत उभी राहते.

घर विकण्याच्या बाबतीत तुमचे दीर प्रेमाने बोलत आहेत, यात शंका नाही. पण औद्योगिक वसाहतीलगतचे घर घाईत विकले तर काय भाव येईल, आणि त्यात पुण्यात काय मिळेल, हे त्यांनाही ठाऊक असणार. शिवाय दोघांच्या आजाराचे मूळ जर भुकटीत असेल, तर घर विकून जे मिळवायचे ते कदाचित कपडे बदलण्याने आणि विभाग बदलण्याने मिळेल. मुलीला सुटीत दोन-तीन आठवडे शहराच्या दुसऱ्या बाजूला नातेवाइकांकडे ठेवून पाहा. फरक पडला तर सहा महिने किंवा वर्षभर भाड्याने राहून पाहा, आणि हे घर भाड्याने द्या. विकलेले घर परत येत नाही, म्हणून तो निर्णय सगळ्यात शेवटी घ्यावा.

औषधांविषयी एक काळजी बोलून दाखवते. ‘पंप महाग आहे म्हणून ते लागेल तेव्हाच घेतात’ असे तुम्ही लिहिले आहे. दम्याच्या पंपांत दोन जाती असतात: एक धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारा आणि दुसरा रोज घेऊन आतली सूज आवरणारा. रोजचा पंप वाचवला की महिन्याला काही शे रुपये वाचतात आणि एक दिवस रुग्णालयात दाखल व्हावे लागते. तीन वेळा दाखल व्हावे लागण्यामागे हे कारण होते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पंप घेण्याची पद्धतही त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा, कारण चुकीच्या पद्धतीने घेतलेले औषध घशातच राहते. ई.एस.आय.च्या दवाखान्यात औषध मिळेपर्यंत जनऔषधी केंद्रातले दर पाहून घ्या.

ज्या वाचकांच्या घरी ई.एस.आय.चे कार्ड नाही, त्यांनी आयुष्मान कार्डाची पात्रता तपासावी. गुजरातमध्ये २०२३ पासून कुटुंबामागे वर्षाला १० लाखांपर्यंतचे संरक्षण त्यातून मिळते. मात्र ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या पंपासाठी नाही, आणि दीर्घ आजारात घर पोखरते ते मुख्यतः महिन्याच्या औषधांनी.

वकिलाच्या खर्चाची धास्ती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तुमच्या घरातली तिन्ही माणसे त्यात बसतात. बडोद्याच्या जुन्या ‘न्यायमंदिर’ इमारतीतली कोर्टे आता दिवाळीपुऱ्यात गेली आहेत. ही मोफत मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिनाअखेरीच्या आत जा आणि तो कागद दाखवा. कोर्टात जायचे की नाही, हे आज ठरवण्याची गरजच नाही. वैद्यकीय मंडळाचे मत आल्यावर कदाचित कोर्टाची पायरी चढावीही लागणार नाही.

कागद दाखवायचा तर तो आधी हातात हवा, आणि पत्रावरून दिसते की कंत्राटदाराने तो फक्त वाचून दाखवला आहे. यांना भांडण नको आहे, आणि त्याची गरजही नाही. कंत्राटदार पुन्हा बोलावील तेव्हा यांनी एवढेच म्हणावे: ‘साहेब, याची झेरॉक्स द्या, घरी वाचून सांगतो.’ झेरॉक्स द्यायला तो तयार झाला नाही, तर ती तारीख आणि ते शब्द त्याच वहीत लिहून ठेवा.